उपांत्य फेरीतली म्हैस

आमच्या पोशीरच्या घरात बसायला जागा कमी आणि बोलायला माइक जास्त होते. आप्पांचा साउंड सर्व्हिसचा धंदा. पुढच्या खोलीत दोन मोठे बॉक्स, चार भोंगे, वायरींची भेंडोळी आणि एक अँप्लिफायर, त्याच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. बॉक्स उंच आणि सपाट, म्हणून आई त्यांच्यावर पापड वाळत घालायची. लग्नसराईत बॉक्स बाहेरगावी गेले की पापड खाटेवर यायचे आणि मी जमिनीवर. सकाळी आंघोळीच्या आधी आप्पा एकेक माइक हातात घेऊन तपासायचे. "हॅलो, हॅलो, चेक" हे आमच्या आळीचं घड्याळ होतं. शाळेची पोरं त्यावर दप्तरं उचलायची आणि बाया त्यावर भाकऱ्या थापायला बसायच्या. मला बोलायला कुणी मुद्दाम शिकवलं असं नाही. त्या घरात मोठ्यानं बोललं नाही तर चहासुद्धा मिळत नसे. आज माझी मुलगी म्हणते, आई, तू फोनवर बोलतेस तेव्हा फोनची गरज काय? तिला काय सांगणार, ही खानदानी देणगी आहे.

पण आप्पांची खरी हौस कबड्डीची. पंचक्रोशीत कुठेही कबड्डीचे सामने असले की साउंड आप्पांचा आणि समालोचनही आप्पांचंच. आमच्याकडच्या समालोचनाची रीत शहरातल्या माणसाला कळायची नाही. माइक हा नुसता खेळासाठी नसतो, तो गावासाठी असतो. कुणाचं पोर चुकलं, कुणाची चप्पल बदलली, पंचांच्या जेवणात मटण आहे की अंडी, सगळं त्याच माइकवरून जाहीर व्हायचं आणि तेसुद्धा चढाई न थांबवता. "पोशीरचा गडी आत शिरला, डावा कोपरा सरकला, हिरव्या टेंपोवाल्यानं टेंपो काढावा, ताईंच्या दारात लागलाय, आणि गड्यानं बोनस घेतला, घेतला, घेतला!" असं एका श्वासात. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून गुण लिहायची. लिहिता लिहिता ओठ हलायचे. आई म्हणायची, "बापाचा कर्णा पोरीच्या गळ्यात बसवलाय देवानं." आमच्या घरात देव मानत नसत, विहारात जाणारी माणसं आम्ही, पण आईला वैताग आला की देव आठवायचा.

मी वीस वर्षांची असताना एका रविवारी दुपारी कळंबच्या मैदानावर आप्पांचा घसा बसला. पूर्ण बसला. तोंड उघडायचे आणि नुसती हवा यायची. मंडळाची माणसं घाबरली, प्रेक्षक हुर्यो करायला लागले, आणि आप्पांनी काही न बोलता माइक माझ्या हातात दिला. बोलता येत असतं तर कदाचित दिला नसता. मी जी सुरू झाले ती तीन सामने संपेपर्यंत थांबले नाही. चौथ्या सामन्याच्या आधी एक गोरेगोमटे, अर्ध्या चड्डीतले गृहस्थ तावातावानं टेबलाजवळ आले. जवळच्या रिसॉर्टमध्ये ते शांततेसाठी उतरले होते आणि सकाळपासून आमच्या भोंग्यांनी त्यांची झोप उडवली होती. आवाज कमी करा असं सांगायला आलेला माणूस टेबलाला टेकून अर्धा तास ऐकत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाळ, तुला टेनिस कळतं का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "हरकत नाही, आमच्या बघणाऱ्यांनाही कळत नाही." ते माधव सर. पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

सर एका परदेशी क्रीडा वाहिनीत होते. जगभर चालणारी वाहिनी. आपल्याकडे इंग्रजीत दिसायची आणि हिंदीत दिसायची. तिची मराठी आवृत्ती नुकती सुरू झाली होती. आज त्या आवृत्तीचे तीन मजले आहेत आणि बर्फावर झाडू मारायचा तो खेळसुद्धा तिथे मराठीत दाखवतात (आई तो बघून म्हणायची, एवढ्या वेळात आपलं अंगण दोनदा झाडून झालं असतं). पण तेव्हा ती म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या इमारतीतला एक हॉल, काचेमागची एक बंद खोली, रोजचे दोन तास आणि सर धरून बारा माणसं. मी बारावी. आवृत्ती तीन महिन्यांच्या बोलीवर होती. लोकांनी बघितली तर राहणार, नाही तर बंद, आणि बारा माणसं घरी. लोक बघतात की नाही हे कळायचं कसं, हाच घोळ होता. सर सांगायचे की कोण काय बघतं ते मोजायच्या पेट्या ठरावीक शहरांतल्या ठरावीक घरांत असतात, आणि आपला माणूस तिथे राहत नाही. म्हणून त्यांनी हॉलमध्ये तीन फोन बसवले आणि पडद्याखाली पट्टी सुरू केली: आपला अभिप्राय कळवा. फोनवर कविता नावाची बदलापूरची मुलगी बसायची. तिला पहिल्या महिन्यात दिवसाला दोन फोन यायचे. त्यातला एक अलिबागच्या एका निवृत्त मास्तरांचा असायचा आणि ते आमच्या चुका वाचून दाखवायचे. दुसरा तिच्या आईचा.

टेनिस शिकताना माझी जी फजिती झाली तिला तोड नाही. कबड्डीत गप्प बसलं की सामना मेला. टेनिसमध्ये उलटं, चेंडू खेळात असला की बोलायचं नाही. मला ते जमेना. चेंडू जाळीच्या पलीकडे गेला की माझ्या तोंडून आपोआप "गेला गेला गेला" निघायचं. मग सरांनी युक्ती काढली. ते माझं मनगट धरून बसायचे. धरलं की गप्प, सोडलं की बोल. पहिल्या आठवड्यात माझं मनगट लाल झालं होतं आणि आईला वाटलं की कुणी तरी मारतंय. दुसरी भानगड भाषेची. सरांनी चाळीस पानी शब्दसूची केली होती. बिनतोड सर्व्हिस, परतीचा फटका, वर्चस्वगुण. मी एकदा घाईत म्हणून गेले, "काय हाणलाय बाईनं, समोरचीच्या पायात कुत्रंच सोडलं जणू." शेजारी बसलेल्या सरांनी कपाळावर हात मारला. पण त्या दिवशी कविताला सात फोन आले. पाच जण हसत होते, एकानं विचारलं ही बाई कुठली, आणि सातवे मास्तर. ते म्हणाले, व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. त्यानंतर सरांनी शब्दसूचीतली पंधरा पानं हळूच काढून टाकली.

दिवस असे पाखरासारखे उडत होते. दोन तासांचे चार तास झाले. मी पहाटे नेरळहून गाडी पकडायची, डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, आणि संध्याकाळी घरी आले की अख्खी आळी दारात. आप्पांनी विहारासमोरच्या अंगणात पडदा लावला होता, त्याला स्वतःचे दोन्ही बॉक्स जोडले होते, आणि माझा आवाज पोशीरमध्ये मुंबईपेक्षा मोठा ऐकू यायचा. ज्या बायांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती त्या मला ड्यूसवर प्रश्न विचारायच्या. शेजारच्या बनूआत्या तर रोज एकच तक्रार करायच्या, "सुजे, ती सोन्यावानी केसांची पोर चांगली खेळते गं, पन तिला कुनी जेवायला घालत नाय का? किती ती हाडं!" मी हवेत होते हे कबूल करते. पोशीरच्या सुजाताचा आवाज उपग्रहावरून खाली येतोय, या विचारानं मला चालता चालता मध्येच हसू फुटायचं. लोकांना वाटायचं पोर बिघडली.

तीन महिने संपत आले तेव्हा समुद्रापारच्या एका मोठ्या टेनिस स्पर्धेची उपांत्य फेरी लागली होती. आपल्याकडे सकाळ, तिकडे दुपार. परदेशातल्या मोठ्या मॅडम रविवारी, अंतिम सामना चालू असतानाच, व्हिडिओवर सरांशी बोलणार होत्या आणि तिथेच निकाल लागणार होता. सरांचा चेहरा उतरलेला. पेट्यांचे आकडे वाईट होते आणि फोन दिवसाला दहाच्या वर कधी गेले नव्हते. कविताचं लग्न ठरलं होतं, ध्वनी बघणारा पोरगा नुकता बाप झाला होता, आणि माझं काय, मी पुन्हा आप्पांच्या शेजारी बसून गुण लिहिले असते. पण मला ते नको होतं. मला तो माइक हवा होता. एवढी कशाची तरी हाव मला त्याआधी कधी सुटली नव्हती.

शुक्रवारी पहिल्या सेटमध्येच तिकडे पाऊस आला. कोर्टावर कापड ओढलं, खेळाडू आत गेल्या, आणि आमच्या पडद्यावर नुसतं ओलं कापड. इंग्रजीवाल्यांकडे अशा वेळी दाखवायला जुने सामने असायचे, आमच्याकडे मी होते. सर म्हणाले, "बोलत राहा, मी मॅडमना फोन करून येतो," आणि गेले. मी बोलले. पावसाबद्दल बोलले, कापडाबद्दल बोलले, गवतावर आणि मातीवर चेंडूच्या उसळीत काय फरक पडतो ते दोनदा सांगितलं. वीस मिनिटं झाली. सरांचा पत्ता नाही. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन उजळला. आप्पांचा निरोप होता: बनूआत्याची म्हस पहाटपासून नाय. गाभण हाय. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, कपाळाला पांढरा ठिपका. माइकवर सांग.

आता कुणी विचारेल, तू सांगितलंसच कसं? मला त्याचं उत्तर आजही नीट देता येत नाही. मी विचारच केला नाही. खेळ थांबलेला, हातात माइक, गावातल्या बाईची गाभण म्हैस हरवलेली आणि आप्पांचा निरोप. लहानपणापासून असा निरोप आला की तोंड उघडायचं, एवढंच माहीत. मी म्हटलं, "पाऊस अजून चालू आहे. तोवर एक सूचना. पोशीर इथल्या बनूआत्यांची म्हैस पहाटेपासून बेपत्ता आहे. म्हैस गाभण आहे, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे, कपाळावर पांढरा ठिपका आहे. नेरळ, कळंब, शेलू, कर्जत, खालापूर परिसरात कुणाला आढळल्यास कृपया खाली दिलेल्या क्रमांकावर कळवावं. म्हशीला मारू नये." आणि खाली क्रमांक होताच, अभिप्राय कळवायची पट्टी चालू होती.

वाक्य संपलं आणि मला घाम फुटला. काचेपलीकडे ध्वनीवाल्या पोराचं तोंड उघडं राहिलेलं. मग पहिला फोन वाजला. कविता तो उचलतेय तोवर दुसरा, मग तिसरा, आणि मग तिन्ही फोन वाजायचे थांबेचनात. शेलूहून एक बाई सांगत होत्या, आमच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक म्हैस आहे पण तिला शिंगंच नाहीत, चालेल का? खोपोलीचा एक रिक्षावाला म्हणाला, दोन बघितल्या, दोन्हींचे फोटो काढलेत. सांगलीहून कुणी तरी कळवळून सांगत होतं, गाभण म्हैस पाण्याच्या कडेला बसते, ओढे बघा आधी. नेरळचे एक वकील, चौकचा एक सलूनवाला, कर्जतच्या दवाखान्यात बसलेले सहा पेशंट एकाच फोनवर. अलिबागच्या मास्तरांनी 'बेपत्ता' हा शब्द माणसांसाठी वापरतात असं कळवलं आणि शेवटी म्हणाले, सापडली का ते मात्र सांगा. कविता एका कानाला एक, दुसऱ्या कानाला दुसरा असे फोन लावून ठिकाणांची नावं लिहीत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

सर फोन कानाला लावूनच हॉलमध्ये परत आले तेव्हा पाऊस थांबला होता आणि मॅडमनी तो सगळा गोंधळ फोनवरून ऐकला होता. मला वाटलं होतं सर ओरडतील. ते ओरडले नाहीत, ते वाईट. हळू आवाजात म्हणाले, "सुजाता, त्यांनी मला विचारलं, हे कसले फोन? मी म्हटलं, तांत्रिक अडचण. मी काय सांगू, की जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडा वाहिनीवर आम्ही गुरं शोधतो? त्या आजच बंद करतील. उद्या येऊ नकोस. रविवारी ये, कारण माझ्याकडे दुसरं कुणी नाही. आणि तोपर्यंत म्हैस हा शब्द या इमारतीत कुणी काढायचा नाही." मी मान हलवली. गाडीत बसल्यावर मी रडले. बारा माणसांची नोकरी मी एका शिंगावर टांगली होती.

घरी आले तर आळीत दिवाळी. म्हैस सापडली होती. कळंबच्या एका रिसॉर्टच्या मागच्या हिरवळीवर जाऊन व्याली होती. तिथला आचारी स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर माझा सामना लावून कांदा चिरत होता. सूचना ऐकली, खिडकीतून बाहेर बघितलं, तर समोर मोडकं शिंग. त्यानं कुठलाच फोन लावला नाही, टेंपो काढला आणि म्हैस, पारडी दोघींना घेऊन सरळ पोशीरला आला. बनूआत्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर नाक पुसलं. "सुजे, माज्या म्हशीचं नाव सातासमुद्रापार गेलं गं!" दुसऱ्या दिवशी चिकाचं पातेलं आमच्या घरी आलं, आईनं त्यात गूळ आणि वेलची घालून खरवस केला, इतका की तो दोन्ही बॉक्सवर पसरून ठेवावा लागला. मी तीन वेळा खाल्ला आणि तिन्ही वेळा मला ती बारा माणसं आठवली.

आप्पांनी मला बघितलं आणि विचारलं, "सापडली म्हनून सांगितलंस का?" मी म्हटलं, नाही, आणि सांगणारही नाही, सरांनी बंदी घातलीय. आप्पांनी वाटी खाली ठेवली. "असं चालत नाय. ज्या माइकवरनं हरवल्याचं सांगितलं त्याच माइकवरनं सापडल्याचं सांगायचं. नायतर लोक हुडकीत बसतात. उद्या कुनी तुज्या शब्दावर उठायचा नाय." आई उसळली. "तुमी गप रवा! पोरीची नोकरी जाईल ना! म्हस गावली, पुरं झालं." आप्पा म्हणाले, "नोकरी जाईल तर जाईल. माइक हाय तो, दागिना नाय." ते दोघं मग तासभर भांडले आणि माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मला तेव्हा आप्पांचा फार राग आला. बापानं मुलीची बाजू घ्यावी, म्हशीची नाही, असं मला वाटलं. मी ठरवलं की मी गप्प राहणार.

रविवारी मी सरांसाठी डबा नेला. सरांनी झाकण उघडलं, चेहरा खुलला. "खरवस! कुणाच्या घरचा?" मी डबा पुढे सरकवला. "गाईचा ना?" मी मान हलवली, नाही. सरांचा घास अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वडीकडे बघितलं, ती संपवली, दुसरी घेतली आणि बोट उगारून म्हणाले, "तरीही नाही." हॉलमध्ये फोन तसेच वाजत होते. माझ्या सूचनेची फीत कुणी तरी मोबाइलवर पसरवली होती आणि दोन दिवसांत शोधणारी माणसं वाढली होती. मॅडमचा चेहरा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आला, सर त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि मी एकटी काचेच्या खोलीत बसले. माझं मनगट धरायला कुणी नव्हतं. पण तोवर माझी मीच गप्प बसायला शिकले होते.

पहिला सेट छान गेला. दुसऱ्या सेटमध्ये कविता दार ढकलून आत आली आणि माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवून गेली. त्यावर लिहिलं होतं: खालापूरकडून एक आजोबा. तिसऱ्यांदा फोन. म्हणतात, परवापासून डोंगराची बाजू बघतोय, पाय दुखतात, अजून कुठली बाजू राहिली ते ताईंना विचारून सांगा. मी ती चिठ्ठी वाचली आणि पालथी घातली. मग पुन्हा सरळ केली. एक म्हातारा माणूस, माझ्या तोंडच्या शब्दावर, कधीही न बघितलेल्या बाईच्या म्हशीसाठी दोन दिवस डोंगर चढत होता. आणि ती म्हैस पोशीरला बनूआत्यांच्या दारी कडबा खात होती. मला इतकी लाज वाटली की कान तापले. आप्पांचं भांडण मला तेव्हा कळलं. खेळाडू बाजू बदलायला खुर्च्यांकडे निघाल्या. माझ्याकडे दीड मिनिट होतं.

मी म्हटलं, "दुसऱ्या सेटमध्ये चार-तीन. प्रेक्षकहो, परवा याच माइकवरून पोशीरच्या बनूआत्यांची म्हैस हरवल्याचं मी सांगितलं होतं. म्हैस कळंबला सापडली आहे. व्याली आहे, पारडी झाली आहे, दोघी सुखरूप आहेत. ही सूचना मी कालच द्यायला हवी होती, चूक माझी आहे. डोंगरात, ओढ्याकाठी, इमारतींखाली जे कुणी शोधत आहेत त्यांनी आता घरी जावं. खालापूरच्या आजोबांनी पाय शेकून घ्यावेत. तुम्हा सगळ्यांचे फार फार आभार."

सर काचेकडे धावत येताना मला दिसले. माझ्या हेडफोनमध्ये बोलायचं एक बटण बाहेरच्या टेबलावर असे, ते त्यांनी दाबलं आणि तोंड उघडलं. पण त्यांची मान फोनांकडे वळली. कारण तेवढ्यात एक फोन वाजता वाजता मध्येच बंद झाला. दुसऱ्यावर कविता बोलत होती, ती म्हणाली, "हो? ऐकलंत? बरं, बरं," आणि तिनं तो ठेवला. तिसरा वाजला, एकदाच, आणि थांबला. मग काहीच नाही. दोन दिवस एक क्षण गप्प न बसलेला तो हॉल इतका शांत झाला की पंख्याची कुरकुर माझ्या हेडफोनमध्ये ऐकू यायला लागली. सरांचं बोट बटणावर तसंच होतं. पडद्यावरच्या मॅडमनी मान वर केली आणि इंग्रजीत विचारलं, "काय झालं? तुमच्या लाइन गेल्या का?"

सर मागे वळले. "नाही मॅडम," ते म्हणाले. "लाइन चालू आहेत. त्यांनी ऐकलं."

मग सरांनी सगळं सांगितलं. म्हैस, शिंग, पाऊस, शेलूचं पार्किंग, आचारी, सगळं. शेवटी कविताची ती यादी कॅमेऱ्यासमोर धरली. गावांच्या नावांनी भरलेली अकरा पानं. मॅडम त्या गप्प पडलेल्या तीन फोनांकडे बघत राहिल्या. इकडे खेळाडू उठल्या होत्या, सर्व्हिस सुरू झाली होती आणि मला बोलायचं होतं, पण टेबलावरचं बटण दाबलेलंच अडकलं होतं आणि माझे कान तिकडे. मॅडमनी विचारलं, "चारचे चोवीस तास करायचे झाले तर तुम्हाला किती माणसं लागतील?"

सर बोटांवर मोजायला लागले. मला राहवलं नाही. मी हातानं माइक झाकला आणि काचेतून ओरडले, "आधी आहेत ती बारा ठेवा म्हणावं, मग पुढचं बघू!" माइक मी नीट झाकला होता असं माझं आजही म्हणणं आहे. आप्पा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की पोशीरला ते स्पष्ट ऐकू आलं.